राखणदारांना पाजलेला काढा

माझ्या मुलाच्या मेंदूला मी काढा पाजला. गुळवेल, सुंठ, तुळस, दालचिनी, वरून मिरी ठेचून. चार कपांचा एक कप होईपर्यंत आटवायचा आणि वाफ निघत असतानाच त्याच्या नाकासमोर धरायचा. त्याच्या जोडीला डॉक्टरबाईंनी दिलेल्या गोळ्या सकाळच्या घंटागाडीत टाकून दिल्या. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, अगदी नियमाने. गोळ्या सुक्यात. गाडी गाणं वाजवत पुढच्या गल्लीत वळली, तेव्हा मी कमरेवर हात ठेवून फाटकात उभी होते. घरातलं व्यसन महापालिकेच्या हवाली केल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

पाच-सहा वर्षं झाली त्याला. तेव्हा नुकतीच नोकरीतून निवृत्त झाले होते आणि शहाणपण अंगात नुसतं उतू जात होतं. आजही आरशात ती बाई कधीकधी दिसते. तिला मी जीभ दाखवते. नात म्हणते, "आज्जी, तू वेडी आहेस का?" मी म्हणते, "आता नाही गं, तेव्हा होते."

मी महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सातवीला रोगप्रतिकारशक्तीचा धडा असायचा. तो माझा हुकमी. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक! चार दांडगट पोरांना सैनिक करायचं, एका हडकुळ्या पोराला जंतू करायचं, आणि म्हणायचं, हाणा. वर्ग टाळ्या वाजवायचा. जंतू रडायचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा 'कृतीतून अध्यापन' असा शेराही दिला होता. इतकी वर्षं तो धडा घोकल्यावर माझी पक्की समजूत झाली होती की सैनिक जितके जास्त, जितके चिडलेले, तितकं चांगलं. सैनिकच घर जाळू शकतात, हे सातवीच्या पुस्तकात नव्हतं. असतं तरी मी ते परीक्षेला येणार नाही म्हणून सोडलं असतं.

माझा धाकटा मुलगा अंबडला एका कारखान्यात प्रेसमशीनवर होता. एक दिवस मशीन त्याच्या उजव्या हातावर बसलं. करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, जखम भरली. दुखण्यासाठी दिलेल्या कॅप्सूल मात्र सुटल्या नाहीत. आधी चिठ्ठीवर मिळायच्या, मग ओळखीवर. एकाच्या दोन झाल्या, दोनांची पट्टी झाली. एक दिवस सुनेला स्कूटरच्या डिकीत रुमालात गुंडाळलेली सुई सापडली. आमच्या घरात सुई म्हटलं की गोधडीची. आम्ही दोघी त्या सुईकडे बघत उभ्या होतो. ती कशाची, हे दोघींनाही कळलं होतं आणि आधी कोणी बोलायचं यावर अडलं होतं.

या सगळ्या काळात तो एकच सांगत होता, हात दुखतोय. आणि मी एकच म्हणत होते, नाटकं करू नकोस. "जी बोटं कचऱ्यात गेली, ती कशी दुखतील रे?" असं मी भरल्या ताटावर विचारायचे. माझा युक्तिवाद बिनतोड होता. तो डाव्या हाताने जेवायचा, उजवा मांडीखाली दाबून धरायचा.

व्यसनावर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे त्याला सुनेनेच नेलं. सून पॅकिंगच्या कंपनीत कामाला, बोलायला कमी, ठरवलेलं करून मोकळी होणारी. दुसऱ्या खेपेला मीही गेले, बोलावलं नसताना. डॉक्टर चाळिशीची होती, केस आखूड, पायांत स्पोर्ट शूज. मला बघून म्हणाली, "या आजी, बसा."

तो 'आजी' मला झोंबला. निवृत्त झाले म्हणून काय झालं, केस रंगवलेले होते माझे.

"डॉक्टर, जखम भरून किती तरी महिने झाले. हा अजून दुखतंय म्हणतो," मी तक्रार गुदरली.

"दुखतंयच त्याला."

"बोटंच नाहीत हो!"

"मेंदू आहे ना. दुखणं तिथे असतं." तिने खुर्ची थोडी पुढे ओढली. "आणि आजी, एक विचित्र गोष्ट सांगते. ज्या औषधाने दुखणं थांबतं, तेच फार दिवस, फार प्रमाणात गेलं, तर काही लोकांचं दुखणं वाढतं. म्हणून तो जास्त घ्यायचा, म्हणून जास्त दुखायचं, म्हणून आणखी घ्यायचा."

"असं कसं होईल?"

मग तिने सांगितलं. रक्तातले सैनिक मेंदूत सहसा जात नाहीत, त्यांना तिथे मज्जाव असतो. मेंदूला स्वतःचे राखणदार असतात, तिथेच राहणारे. मायक्रोग्लिया असं त्यांचं नाव. मला ते खताच्या गोणीवरचं वाटलं. एरवी ते शांतपणे फिरतात, मेलेलं काही असेल तर उचलतात, नको असलेल्या जोडण्या छाटतात, थोडक्यात झाडलोट करतात. पण नशेचं औषध वारंवार आलं की कोणी तरी घरात घुसलंय असं समजून ते फुगतात, भडकतात आणि आजूबाजूला दाह करणारी रसायनं सोडतात. मग शेजारच्या मज्जापेशींना बारीकसं टोचलेलंही खुपसल्यासारखं लागतं. झोप जाते, मन कडवट होतं. औषध बंद केलं तरी ते लगेच शांत होत नाहीत. कित्येक दिवस दांडकं घेऊन उभेच. थोडा ताप आला, भांडण झालं, जागरण झालं, की पुन्हा उठतात.

"माणसाला हे काही कळत नाही," ती म्हणाली. "त्याला फक्त एवढंच कळतं की आत काही तरी सहन होत नाहीये, आणि ते कशाने थांबतं ते त्याला माहीत असतं. यातलं बरंचसं आपल्याला उंदरांवरून समजलंय हं, माणसांत अजून शोध चालू आहे. पण तो नाटक करत नाही, एवढं मी आजच सांगते."

मुलगा खाली मान घालून बसला होता. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणी तरी त्याच्या बाजूने बोललं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, हिने आणखी लाडावलं.

"म्हणजे मेंदूची प्रतिकारशक्ती," मी वर्गातल्या बाईंच्या आवाजात समारोप केला.

"ढोबळमानाने, हो."

"मग ती वाढवायला काय द्यायचं?"

तिने पेन खाली ठेवलं. "वाढवायची नाही, आजी. ती आधीच नको तेवढी जागी आहे. तिला निवू द्यायचंय. त्याला नीट झोप, वेळेवर जेवण, घरात आरडाओरडा नको. आणि ही गोळी, रोज जिभेखाली. ही त्याच जातीची आहे, पण सावकाश चालते. नशा चढत नाही, अंग मोडत नाही. त्याला उभं राहायला जमीन मिळते. वर्ष लागेल, दोन लागतील, जास्तही लागतील. मध्येच बंद करायची नाही, कोणी काहीही म्हटलं तरी."

शेवटचं वाक्य बोलताना ती माझ्याकडेच का बघत होती, ते मला तेव्हा कळलं नाही. मी मान डोलावली. माझ्या वर्गातली पोरं डोलवायची, अगदी तशी.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तिच्या एवढ्या बोलण्यातला एकच शब्द उरला होता, प्रतिकारशक्ती. आणि दिवस कसले, तर सगळं जग काढा पीत असल्याचे. जो तो तोंडाला फडकं बांधून प्रतिकारशक्ती वाढवत होता. फोनवर सकाळी सकाळी काढ्याची कृती यायची, ती मी आणखी पन्नास जणांना पाठवायचे. अशा दिवसांत एक डॉक्टर म्हणते वाढवायची नाही? मला वाटलं, आखूड केसांची पोरगी, हिला काय कळतंय. सातवीचा धडा हिने मला शिकवायचा?

काढा सुरू झाला. नातीलाही दिला, ती तो बाल्कनीतल्या कोरफडीला घालायची. कोरफड मेली. पण त्यावरून मी काही बोध घेतला नाही.

मुलगा गोळीवर होता तोवर खरं म्हणजे सुधारत होता. वेळेवर उठायचा, कारखान्याने त्याला स्टोअरमध्ये हलकं काम दिलं होतं, तिथे जायचा. पोरीला स्कूटरवरून फिरवून आणायचा. कोणत्याही शहाण्या माणसाने म्हटलं असतं, चाललंय ते चालू दे. मला मात्र ती जिभेखालची गोळी डोळ्यांत सलायची. रोज सकाळी सून कपाटातून पाकीट काढायची, एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची आणि तो शाळेतल्या पोरासारखा जीभ वर करायचा. "नशा सोडवायला नशा?" मी म्हणायचे. "दारुड्याला बिअर देण्यातला प्रकार. मर्द असता तर एका दिवसात सोडली असती."

एकदा सून नेमकं बोलली. डबा भरता भरता, मागे न बघता. "आई, तुमची मिश्री संपलीय. आणू का, की तुम्ही आजपासून सोडताय?"

मी मिश्री लावते, हे सांगायचं राहिलंच. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. माहेरी निफाडकडे आमच्या सगळ्या बायका लावायच्या. शाळेत असताना मधल्या सुट्टीत शिक्षिकांच्या बाथरूममध्ये कडी लावून लावायचे. आणि तास घ्यायचे 'व्यसनांचे दुष्परिणाम' या विषयावर. तंबाखूचं बोट धुऊन खडू हातात घेणारी ती बाई मला आज दिसली, तर मी तिला वर्गाबाहेर अंगठे धरून उभी करेन.

"आण," मी सुनेला म्हणाले. एवढंच. अपमान गिळला, पण धडा घेतला नाही.

पुढच्या रविवारी सून माहेरी गेली, पोरीला घेऊन. मी डाव साधला.

आमचा कुलदेव खंडोबा. देवघरात टाक आहेत आणि पितळेच्या वाटीत भंडारा, म्हणजे देवाची हळद. आमच्याकडे शपथ घ्यायची तर कागदावर सही नाही, कोर्ट नाही, भंडारा उचलायचा. एकदा भंडारा उचलला की विषय संपला. भाऊबंदकीत बांधावरून डोकी फुटायची वेळ आली, तरी एकाने भंडारा उचलला की दुसरा गप्प बसतो. खोटा उचलला तर देव वंशाला बघून घेतो, असं मानतात. मी विज्ञानाची शिक्षिका, मीही मानत होते. विज्ञान अकरा ते पाच, बाकी वेळ खंडोबा.

मुलाला अंघोळ करायला लावली, देवापुढे बसवलं. म्हटलं, "उचल."

"कशाबद्दल, आई?"

"ते विष हातात धरणार नाही. आणि ही डॉक्टरची गोळीही नाही. दोन्ही नाही. एकदम स्वच्छ."

तो टाकांकडे बघत म्हणाला, "गोळी बंद करायची नाही असं सांगितलंय त्यांनी."

"त्या तुझ्या आई आहेत का?"

आईने असं विचारल्यावर पोराला बोलायला जागा कुठे राहते? त्याने उजवा हात पुढे केला. मी चिमूट चिमूट करत भंडारा त्याच्या तळहातावर ठेवला. गेलेल्या दोन बोटांच्या जागी मूठ पुरती मिटत नव्हती. तो बोलायला लागला आणि हळद तिथून गळून पाटावर पडली. मला ते अशुभ वाटलं. थांबावं असं नाही वाटलं. मी म्हटलं, "सांडला. पुन्हा घे." आणि त्याला दुसऱ्यांदा सगळं म्हणायला लावलं. विष नाही. गोळी नाही.

दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली. तो थाट वर सांगितलाच आहे.

सून परत आली, कपाट उघडलं, पाकीट नाही. तिने मला विचारलं नाही. सरळ त्याला म्हणाली, "मी आत्ता जाऊन दुसऱ्या आणते."

"नको," तो म्हणाला. "मी भंडारा उचललाय."

सून माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "आई, माझ्याशी भांडला असतात तर मी भांडले असते. डॉक्टरांशी भांडला असतात तरी चाललं असतं. तुम्ही देवालाच मध्ये घातलंत. आता मी कोणाशी भांडू?"

पुढच्या दिवसांत त्याचं नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोट बिघडलेलं. गोळी एकदम तोडल्याची ही लक्षणं, हे आज मला पाठ आहे. तेव्हा मी शेजारणीला जिन्यात सांगत होते, "काढा लागू पडला! सगळी घाण बाहेर निघतेय बघा." त्याला उलटी झाली की मी पाठ थोपटायचे आणि म्हणायचे, "शाब्बास."

शाब्बास म्हणायचे मी त्याला. हे वाक्य लिहून मी मघाशी उठून गेले होते. पाणी पिऊन आले.

त्याने ते काढलं. हाडं मोडल्यासारखं कण्हत, भिंतीला तोंड करून, पण काढलं. काही आठवड्यांनी उठला, दाढी केली, भाकरी मागितली. झालं! मी भिशीत पेढे वाटले. बायकांना सांगितलं, इच्छाशक्ती असली की डॉक्टर लागत नाहीत. कोणाची इच्छाशक्ती, तर अर्थात माझी.

मग पावसाळ्याच्या अखेरीला आमच्या गल्लीत चिकनगुनिया आला. एकेका घरात दोन-दोन जण सांधे धरून बसले. त्यालाही आला. ताप दोन-चार दिवसांत उतरला, सांधे मात्र धरलेलेच राहिले. उजवा हात, मशीनवाला, तो तर त्याला कोणी पुन्हा मशीनखाली घातल्यासारखा. झोप गेली. कोणी भांडं आपटलं तरी दचकायचा. पोरीवर खेकसायचा आणि मग तिची माफी मागायचा. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं ना, थोडा ताप आला, जागरण झालं, की ते उठतात. उठले होते सगळे. मला ते दिसत होतं, फक्त त्याचं नाव मी 'आळस' ठेवलं होतं.

आणि मी काढा वाढवला. दोनदाच्या जागी चारदा.

एका दुपारी कप पुढे केला. त्याने तो बाजूला सारला. म्हणाला, "आई, मला डॉक्टरांकडे जायचंय. शपथ परत घेता येते का गं? काही असतं का तसं?"

असतं. देवाला साकडं घालता येतं, जेजुरीला जाऊन कौल मागता येतो, वडीलधाऱ्याने 'माझ्या डोक्यावर' म्हटलं की उतरते. माझ्या आजीने माझ्या काकाची अशीच उतरवली होती. मला सगळं माहीत होतं. मी फक्त 'माझ्या डोक्यावर' एवढं म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "दोन बोटं काय गेली, बाईसारखा रडतोस. तुझ्या बापाने दोन्ही गुडघे गेलेले असताना घर बांधलं. आणि देवाला काय दुकानदार समजलास, घेतलेला माल परत करायला?"

वाक्य जमलं होतं. मला तेव्हा वाक्यं फार जमायची.

तो उठला, चप्पल घातली, गेला. संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. फोन घरीच ठेवून गेला होता. सून डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात जाऊन आली. तिकडे फिरकला नव्हता. मला धीर आला. म्हटलं, बघा, शपथ पाळतोय! असं मी खरोखर मोठ्याने म्हणाले. सुनेने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तिने नंतर कधी वापरली नाही. बहुतेक तिला स्वतःलाच तिची भीती वाटली असेल.

दिवस गेले, आठवडे गेले. पोलिसांत दिलं, सिव्हिल हॉस्पिटल पाहिलं, द्वारका चौकापासून नाशिकरोडपर्यंत पुलाखाली झोपलेल्यांच्या अंगावरची पांघरुणं सुनेने उचलून पाहिली. मी बरोबर येते म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही घरी थांबा. आला तर दार उघडायला कोणी तरी हवं." मी थांबले. एवढं एकच काम तिने माझ्यावर सोपवलं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. तो आमच्या दारी आलाच नाही.

सुनेचा भाऊ मनमाडला रेल्वेत आहे. त्याने त्याला फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या नळाशी पाहिलं. आधी ओळखलं नाही, मग हातावरून ओळखलं. सून गेली आणि घेऊन आली. घरी आणला नाही, थेट दवाखान्यात. सुईने दंड सडला होता, पू झाला होता, श्वास असा चालला होता की मोजावा लागत होता. आत काय काय चाललंय ते बाहेर आम्हाला कोणी सांगत नव्हतं. मी तिथे पहिल्यांदा कोणालाही काही सुचवलं नाही. ना गुळवेल, ना सुंठ. सून पलीकडच्या बाकावर होती. मधे एक बाक रिकामा होता, त्यावर ती तिची पर्स ठेवून बसली होती.

वाचला. पुढे डॉक्टरबाईंनी गोळी पुन्हा सुरू केली. मला वाटलं होतं, आता ही बोलेल. तिने मला एक शब्द लावला नाही. मला बोललेलं सोसलं असतं, न बोललेलं सोसेना. शेवटी मीच म्हटलं, "डॉक्टर, मला ते पुन्हा समजावून सांगा. ते राखणदारांचं. या वेळी ऐकते."

तिने सांगितलं, तेच, तितक्याच शांतपणे. आणि या वेळी मला माझ्या बापाचा द्राक्षांचा मळा आठवला. घड पिकायला लागले की राखण्या ठेवायचो, गोफण घेऊन, पाखरं हाकलायला. एका वर्षी चोरांनी घड कापून नेले. त्यानंतर तो राखण्या असा बिथरला की पान हललं तरी दगड. चोर कधीच गेले होते, हा आपला दगड मारतोय. त्याच्याच दगडांनी घड फुटायचे, फुटलेल्या घडांवर गांधीलमाश्या, मग कूज. एकदा त्याची भाकर घेऊन गेलेल्या आईच्या पायावर दगड बसला. माझ्या बापाने काय केलं? त्याची गोफण काढून घेतली, त्याला दोन दिवस झोपू दिलं, जेवू घातलं. आणि बापाची ही हुशार लेक, विज्ञानाची बाई, राखण्या बिथरलेला बघून पाटीभर दगड आणून देत होती. गरम गरम, मिरी ठेचून.

हे मी डॉक्टरबाईंना सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "हे मी इतर घरच्यांना सांगू का?" मी म्हटलं, सांगा, फक्त पाटीभर दगड कोणी दिले ते सांगू नका. आता स्वतःच लिहितेय.

सुनेने इंदिरानगरला भाड्याने जागा घेतली. दोन खोल्या. मुलगा, ती, नात. मला कोणी येऊ नका म्हटलं नाही. मी रविवारी जाते, जेवते, संध्याकाळी परतते. गोळ्यांचं पाकीट सून कंपनीच्या बॅगेत ठेवते, आणि मी आले की ती बॅग आतल्या खोलीत जाते. मी ते पाहिलं न पाहिल्यासारखं करते. बॅगेला मी हात लावणार नाही हे तिला माहीत आहे, आणि तरी ती बॅग आत जाते. मला यात काही बोलायचा हक्क नाही. माझी जीभ शिवशिवते, पण मी तिच्यावर मिश्री ठेवते.

मुलगा बरा आहे. बरा म्हणजे, गोळी घेतो, कामाला जातो, थकतो. चाळिशीच्या आत म्हातारा दिसतो. हसतो तेव्हा थोडं उशिराने हसतो. माझ्याशी चांगला वागतो, पाहुण्याशी वागतात तसा. "आई, चहा घेणार का? आई, पंखा लावू का?" हात दुखतोय असं आता तो माझ्यासमोर म्हणत नाही. मी कधी विचारलं तर म्हणतो, "छे, काही नाही." मी नाटक म्हणत होते तेव्हा तो खरं सांगत होता. आता मी खरं ऐकायला बसले, तर तो नाटक करतो.

गेल्या हिवाळ्यात असाच एक रविवार होता. सून पोरीला घेऊन बाजारात गेली होती. आम्ही दोघं गॅलरीत बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होतो. तो तीन बोटांनी सोलतो, पण माझ्यापेक्षा भराभर. ऊन चांगलं होतं. इतकी वर्षं माझ्या मनात एक प्रश्न होता, तो त्या दिवशी बाहेर पडला.

"एक विचारू?"

"विचार ना."

"तू त्या दुपारी घरातून गेलास. सुई घेतलीस. ठीक आहे, शपथ मोडली ती मोडली. एकदा मोडल्यावर मग डॉक्टरबाईंकडे का नाही गेलास रे? त्यांनी गोळी दिली असती. मनमाडपर्यंत मरायला कशाला गेलास? देव रागावला होता म्हणून?"

तो सोलायचा थांबला नाही. दाणे वाटीत पडत राहिले. माझ्याकडे न बघता, चहाबद्दल विचारतो त्याच आवाजात तो म्हणाला,

"देवाचं काय मनात नव्हतं, आई. सुई घेतली तेव्हा अर्धी शपथ मोडली. गोळी घेतली असती तर सगळीच मोडली असती. म्हटलं, अर्धी तरी तुझ्यासाठी पाळावी."